गेम बॉयच्या कार्ट्रिजमध्ये टॅबवाला सेल: आठ महिन्यांनंतर

पोकेमॉन गोल्ड या गेमच्या कार्ट्रिजमध्ये टॅबवाला, म्हणजे सोल्डर करायच्या धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेला, सीआर २०२५ हा बटण सेल बसवून आठ महिने झाले. मुंबईचा अख्खा पावसाळा त्यात निघाला. सेव्ह (गेममधली साठवलेली प्रगती) शाबूत, गेममधलं घड्याळही चालू. आधी सेल नुसता सरकवून बसवायचा होल्डर लावला होता, तो काढावाच लागला. होल्डरच्या जाडीमुळे झाकण नीट बसेना, आणि त्याची पत्ती ढिली निघाली. लोकलच्या गर्दीत कार्ट्रिज दाबलं गेलं, संपर्क सुटला की सेव्ह गेलाच.

कारण गेम मास्क रॉममध्ये, म्हणजे कारखान्यातच कायमचा लिहिलेल्या चिपमध्ये असतो, त्याला सेल लागत नाही. सेव्ह मात्र ३२ केबीच्या एसरॅममध्ये असतो, आणि वीज गेली की ही मेमरी सगळं विसरते. कन्सोल बंद होताच एक छोटी आयसी एसरॅमला ५ व्होल्टवरून सेलवर वळवते आणि एसरॅमची चिप सिलेक्ट लाइन (तिला जागं करणारी तार) अडवते, नाहीतर व्होल्टेज पडताना भलतंच काही लिहिलं जाईल. या कार्ट्रिजमध्ये घड्याळाचा ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टलही रात्रंदिवस चालतो, म्हणून घड्याळवाल्या गेमचे सेल आधी संपतात.

सेल बदलताना कार्ट्रिजचा खास स्क्रू उघडायला ३.८ मिमीचा गेमबिट स्क्रूड्रायव्हर लागतो. सेल काढला की सेव्ह पुसला जातो, तेव्हा आधी कार्ट्रिज रीडरने तो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. जुन्या जोडावर थोडं नवं ६०/४० सोल्डर घाला, आयर्न ३५० अंशांवर ठेवा, सोल्डर पूर्ण वितळल्यावरच टॅब उचला. घाईत ओढलंत तर बोर्डावरचा पॅडच (सोल्डर बसतो ती तांब्याची चकती) उखडतो, आणि ती दुरुस्ती फार किचकट आहे. साध्या सेलवर थेट सोल्डर कधीही करू नका. उष्णतेने सील जातं, सेल फुटूही शकतो. लॅमिंग्टन रोडवर (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) घेताना टॅब सेलला स्पॉट वेल्डने पक्के जोडलेले आहेत ना ते हलवून बघा. नवा सेल मीटरवर ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. पण हा आकडा वर्षानुवर्षं ३ च्या आसपास राहून शेवटी एकदम कोसळतो, त्यामुळे जुना सेल मीटरवर ठीक दिसला तरी भरवसा ठेवू नये.

पावसाळ्यात त्रास झाला तो कार्ट्रिजच्या ३२ पिनांचा. सुरू होताना कार्ट्रिजमधल्या निन्टेन्डो लोगोचे ४८ बाइट तपासले जातात. संपर्क खराब असेल तर लोगो विस्कटतो किंवा काळी पट्टी येते आणि गेम तिथेच अडतो. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ पिनांवर बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पुरतो. खोडरबराने सोन्याचा मुलामा झिजतो. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवल्यापासून तक्रार नाही.

जास्त टिकेल म्हणून सीआर २०३२ घालायचा मोह होतो. तो ३.२ मिमी जाड, २०२५ फक्त २.५. झाकण फुगू शकतं, बोर्डावर ताण येऊ शकतो. २०२५ च घ्या.