काट्यापलीकडचे ऑइल प्रेशर: डिचोलीतील एका ट्रॅक्टर-वर्कशॉपविषयी

गोव्यात डिचोलीहून साखळीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या थोडे आत, जुन्या ट्रॅक्टरांची इंजिने बांधून देणारे एक छोटे वर्कशॉप आहे. हातातली कामेच वेळेवर उरकत नाहीत, तेव्हा नाव छापू नये, अशी मालकांची विनंती असल्यामुळे ते येथे देत नाही. परंतु पेडण्यापासून फोंड्यापर्यंत ज्यांच्या घरचा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर अजून चिखलणीला उतरतो, त्यांना विचारत गेल्यास ते सापडेल. आमच्या मॅसी फर्ग्युसन ३५ चे ऑइल प्रेशर इंजिन तापल्यावर उतरत होते, म्हणून तो तेथे नेला होता.

प्रेशर उतरले की आपल्याकडे एकच ठरलेला सल्ला मिळतो: जाड तेल घाला. दुसऱ्या एका गॅरेजने पावसाच्या तोंडावर तेच केले होते. नेहमीचे १५डब्ल्यू-४० तेल काढून त्याहून जाड एसएई ५० भरले, गेजचा काटा वर आलेला दाखवला आणि ट्रॅक्टर परत दिला. चिखलणी निम्म्यावर येईपर्यंत काटा पुन्हा खाली. डिचोलीच्या वर्कशॉपचे वेगळेपण पहिल्या पाच मिनिटांतच जाणवले ते यामुळे, की तेथील मुख्य कारागिरांनी तेलाचा डबा आणायला न सांगता प्रश्न विचारले. प्रेशर थंड असताना उतरते की तापल्यावर, स्लोला उतरते की पूर्ण वेगातही, आणि तेलाची पातळी घटते की वाढते? शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व मला नंतर कळले.

या ट्रॅक्टरात पर्किन्सचे ए३.१५२ हे तीन सिलिंडरचे, सुमारे अडीच लिटरचे डिझेल इंजिन आहे. १९५९ साली मॅसी फर्ग्युसनने पर्किन्स कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, थंडीत सुरू व्हायला कुरकुरणारे स्टँडर्डचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बाजूला सारून हे बसवले. त्याचे ऑइल प्रेशर पूर्ण वेगात आणि इंजिन नेहमीसारखे तापलेले असताना दर चौरस इंचाला ३० ते ६० पौंड असावे, असे मॅन्युअल सांगते. त्यातली ही अट लोक विसरतात आणि सकाळी थंड इंजिनावर काटा ५५ ला गेला की निर्धास्त होतात.

म्हणून येथे आधी डॅशबोर्डावरच्या गेजवर अविश्वास दाखवला गेला. अशा गेजमध्ये पितळेची एक वाकडी चपटी नळी असते. तेलाचा दाब आला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. आपल्याकडच्या दमट हवेत वर्षानुवर्षे राहिलेले गेज खरे बोलेलच, याची खात्री देता येत नाही. कारागिरांनी मुख्य ऑइल गॅलरीवर, म्हणजे इंजिनभर तेल वाहून नेणाऱ्या वाटेवर, स्वतःचे तपासलेले गेज जोडले, ट्रॅक्टर चांगला तापेपर्यंत चालवला आणि आकडे एका वहीत उतरवले: पूर्ण वेगात २२, स्लोला ८. आमचे गेज चार पौंड जास्त दाखवत होते.

मग डिपस्टिक. तेलाची पातळी खुणेच्या वर होती आणि बोटांवर चोळलेल्या थेंबाला डिझेलचा वास येत होता. डिझेल टाकीतून पुढे ओढणाऱ्या फीड पंपाचा डायफ्रॅम फाटला, तर डिझेल थेट ऑइल चेंबरमध्ये उतरते. जाड तेल भरूनही काही दिवसांत काटा का पडला, याचे अर्धे उत्तर तेथे मिळाले. डायफ्रॅम, तेल आणि फिल्टर बदलल्यावर प्रेशर २६ वर आले. अनेक गॅरेजांनी येथे बिल फाडले असते. येथे मात्र, ३० च्या खाली आहे तोवर काम पुरे झाले असे म्हणता येणार नाही, असे सांगण्यात आले.

पुढची पायरी रिलीफ व्हॉल्व्हची. त्याच्या स्प्रिंगमागे कोणीतरी दोन वॉशर घालून ठेवले होते! या व्हॉल्व्हचे काम दाब एका मर्यादेपलीकडे गेला की जास्तीचे तेल चेंबरमध्ये परत सोडण्याचे आहे. तापल्यावर दाब मुळात त्या मर्यादेपर्यंत पोचतच नसेल, तर स्प्रिंग कितीही कडक केली तरी फरक पडत नाही. पडतो तो थंड इंजिनावर, आणि तोही पंप आणि फिल्टरवर नको तेवढा ताण आणणारा. वॉशर काढून माझ्या हातावर ठेवण्यात आले.

कारागिरांनी चेंबर उतरवताना जे समजावले, ते प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने ऐकण्यासारखे आहे. पंप तेल ढकलतो, दाब तयार होतो तो ते तेल बेअरिंगच्या बारीक फटींतून निसटताना होणाऱ्या अडथळ्यामुळे. पाटाला जागोजागी भगदाडे पडली असली, तर वरून पाणी वाढवून शेवटच्या वाफ्याला ते पोचत नाही. त्यातही हिशेब सरळ नाही, कारण फट दुप्पट झाली तर तेवढ्याच दाबाला सुमारे आठपट तेल निसटते. शिवाय जाड तेल थंड असताना इंजिनाच्या माथ्यावरच्या रॉकरपर्यंत उशिरा पोचते, आणि बेअरिंगमधली उष्णता वाहून नेण्याचे तेलाचे दुसरे कामही मंदावते.

चेंबरच्या तळाशी काळा, लोण्यासारखा गाळ होता आणि त्याने पंपाच्या तोंडाची जाळी निम्मी बुजली होती. आपल्याकडचे हे जुने दुखणे आहे. चिखलणी झाली की ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा राहतो, आत दव धरते, आणि पाणी, काजळी व जुने तेल मिळून हा गाळ बनतो. पंपाच्या रोटरमधली फट फीलर गेजने मोजली, ती मर्यादेत निघाली. क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, पेलणाऱ्या मेन बेअरिंगची शेल (धातूची पातळ, अर्धगोल अस्तरे) उघडल्यावर मात्र प्रश्न मिटला: करड्या थराखालचा तांबूस धातू मधल्या दोन शेलांवर लांबट पट्ट्यासारखा उघडा पडला होता. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, मायक्रोमीटरने आडवे-उभे मोजले, तेव्हा ते अंडाकृती झिजलेले आढळले, म्हणजे नुसती शेल बदलून भागणार नव्हते.

या ट्रॅक्टरात इंजिनाचा ब्लॉक हाच सांगाड्याचा भाग असल्यामुळे क्रँक काढायचा, तर पुढचा ॲक्सल आणि मागचा गिअरबॉक्स दोन्हीपासून इंजिन वेगळे करावे लागते. ते काम लाकडी ठोकळे आणि चेन ब्लॉक यांच्या साहाय्याने इतक्या शांतपणे झाले, की पाहात राहावे. क्रँक ग्राइंडिंगसाठी बेळगावला गेला आणि ०.२५ मिलिमीटर अंडरसाइज, म्हणजे घासून बारीक झालेल्या जर्नलला बसतील अशा, शेलांसह परत आला. बसवण्यापूर्वी क्रँकमधली तेलाची प्रत्येक वाट तार आणि हवेने साफ केली गेली. ग्राइंडिंगचा कीस तेथे राहिला, तर नवी शेल पहिल्या दिवशीच ओरखडतात. सुरू करताना स्टॉपची दांडी ओढून, डिझेल बंद ठेवून, काटा हलेपर्यंत इंजिन नुसते स्टार्टरवर फिरवले. हे मी इतरत्र कोठेही पाहिलेले नाही.

आता तापलेल्या इंजिनावर पूर्ण वेगात ४४ आणि स्लोला १८ पौंड मिळतात, तेही साध्या १५डब्ल्यू-४० वर. एसएई ५० ची गरज नाही, असे कारागिरांनी स्पष्ट सांगितले. मात्र पहिले तेल ५० तासांनी आणि पुढे दर पावसाळ्याच्या कामानंतर, ट्रॅक्टर उभा करण्याआधी बदलावे, अशी त्यांची ताकीद आहे.

उणिवाही आहेत. काम लांबते, आणि बेळगावचा माल कधी येईल याचा पत्ता वर्कशॉपलाही नसतो. बिल हाताने लिहिलेले, मजुरी एकगठ्ठा. कशाला किती, हे विचारून घ्यावे लागते. क्रँकच्या मागच्या टोकाचे दोरीचे सील अजून किंचित पाझरते. या बनावटीत थोडा ओलावा येतोच, हे त्यांचे म्हणणे मान्य केले, तरी ट्रॅक्टर वेगळा केलेलाच असताना त्यावर अधिक वेळ द्यायला हवा होता, असे माझे मत आहे. पैशांच्या बाबतीत तक्रार नाही: लायनर-पिस्टन चांगले असताना ‘फुल इंजिन’ बांधायला लावले नाही, हीच मोठी बचत झाली.

मे महिन्यात तेथे जाऊ नये. चिखलणीपूर्वीची गर्दी असते. दिवाळीनंतर, ट्रॅक्टर मोकळा असताना न्यावा, जुने तेल न काढता न्यावा, आणि काढलेली शेल परत मागून घ्यावीत.