कालव्यातली नॅरोबोट की ब्रॉड्सवरची क्रूझर?

इंग्लंडात आठवडाभर बोट भाड्याने घ्यायची तर हे दोन पर्याय समोर येतात. चालवायचा परवाना कुठेच लागत नाही. बोट ताब्यात देताना शिकवतात तेवढंच.

नॅरोबोट सात फुटांहून जराशी कमी रुंद, कारण बऱ्याच जुन्या कालव्यांची लॉक्सच (बोट वरच्या किंवा खालच्या पातळीला नेणारे, दोन्हीकडे दारं असलेले पाण्याचे हौद) तेवढी अरुंद. मागे उभं राहून सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. पहिला दिवस काठावरच्या झुडपांत घुसण्यातच जातो! वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे काठाने चालणारा माणूसही मागे पडत नाही. खरा घाम लॉकवर निघतो: हँडल फिरवून झडपा उघडा, पाणी समपातळीला येऊ द्या, मग अंगाचा जोर लावून दार ढकला. डिव्हायझेसच्या केन हिलवर अशी २९ लॉक्स आहेत. पण लँगोलेन कालव्यावरचा, वेल्सच्या हद्दीतला १८०५ सालचा पाँटकिसिल्टे जलसेतू पाहा. खाली ३८ मीटरवर डी नदी आणि एका बाजूला कठडाच नाही. एवढ्यासाठी माझं मत कालव्याला.

नॉरफोक ब्रॉड्स म्हणजे मध्ययुगात पीट (जळणासाठीची दलदलीतली माती) खणून पडलेल्या खड्ड्यांत पाणी भरून झालेली तळी, नद्यांनी जोडलेली. तिथे क्रूझर, म्हणजे राहायची सोय असलेली मोटरबोट, घेऊन भटकताना लॉकची कटकट नाही. मात्र नद्यांना भरती-ओहोटी आहे. बोट बांधताना दोर थोडा ढिला ठेवायचा. खाडीकाठी वाढलेल्याला हे सांगायला नको. वयस्कर आईवडील सोबत असतील तर इकडेच जा.