‘बी-टू फर्स्ट’: फी भरण्याआधी नमुना प्रश्नपत्रिका सोडवून बघा

बारावीला इंग्रजीत चांगले गुण, पदवीच्या सक्तीच्या इंग्रजीत पहिला वर्ग, इंग्रजी मालिका सबटायटलशिवाय कळतात. आणि तरीही स्वतःच्या मनाने दोनशे शब्द लिहायला बसलं की पेन अडतं. विद्यापीठात येणारी बरीच मराठी मुलं याच पायरीवर असतात. युरोप परिषदेने २००१ साली भाषा येण्याच्या ज्या सहा पायऱ्या मांडल्या, ए-वनपासून सी-टूपर्यंत, त्यांतली ही चौथी: बी-टू. केंब्रिजची ‘बी-टू फर्स्ट’ ही परीक्षा मुद्दाम या एकाच पायरीसाठी घेतली जाते. परदेशी प्रवेशासाठी बहुतेक जण देतात ती इंग्रजीची चाचणी, आयेल्ट्स, सगळ्या जिन्यासाठी एकच फूटपट्टी लावते. इथे मात्र तुम्ही या पायरीवर नीट उभे आहात का, एवढंच तपासलं जातं. त्यामुळे चुका कुठे होतात ते आयेल्ट्सपेक्षा हिच्यात जास्त बारकाईने दिसतं.

परीक्षा जुनी आहे. १९३९ साली ‘लोअर सर्टिफिकेट’ या नावाने सुरू झाली, १९७५ साली ‘फर्स्ट सर्टिफिकेट’ झाली, आणि २०१५ साली वाचन आणि भाषावापर या दोन वेगळ्या पेपरांचा एक झाला. आता चार पेपर आहेत: वाचन व भाषावापर ७५ मिनिटं, लेखन ८० मिनिटं, श्रवण साधारण ४० मिनिटं आणि दोघांची मिळून १४ मिनिटांची तोंडी.

पहिल्या पेपरात सात भाग आणि ५२ प्रश्न. त्यातला चौथा भाग हा या परीक्षेचा खरा ऐवज. फक्त सहा वाक्यं, प्रत्येकाला दोन गुण. एक वाक्य दिलेलं असतं, त्याखाली एक शब्द, आणि त्याखाली मधे गाळलेली जागा असलेलं दुसरं वाक्य. दिलेला शब्द जसाच्या तसा वापरून दोन ते पाच शब्दांत पहिल्याचाच अर्थ दुसऱ्यात आणायचा. वानगीदाखल: ‘ही स्टार्टेड लर्निंग जर्मन टू इयर्स अगो.’ दिलेला शब्द ‘बीन’. दुसरं वाक्य: ‘ही … टू इयर्स.’ उत्तर ‘हॅज बीन लर्निंग जर्मन फॉर’, बरोबर पाच शब्द.

मराठी विद्यार्थी इथे हमखास ‘सिन्स’ लिहितो. कारण उघड आहे. ‘दोन वर्षांपासून शिकतोय’ आणि ‘२०२३पासून शिकतोय’ या दोन्हींत आपला ‘पासून’ एकच. इंग्रजीत कालावधीला ‘फॉर’ आणि आरंभबिंदूला ‘सिन्स’. गुण दोन तुकड्यांत दिले जात असल्याने ‘हॅज बीन लर्निंग’चा एक हाती लागतो, दुसरा जातो. अशीच दुसरी जागा ‘सजेस्ट’ची. ‘त्याने मला जायला सुचवलं’चं ‘ही सजेस्टेड मी टू गो’ होतं (हवं असतं ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’) आणि कानाला खटकतही नाही, कारण आजूबाजूला सगळे तसंच बोलतात. तिसरी ‘विश’ची: ‘सल्ला ऐकला असता तर बरं झालं असतं’ इथे मराठीत ‘असता’ आहेच, पण इंग्रजीत ‘विश आय टूक’ लिहून मोकळे होतात, हवं असतं ‘विश आय हॅड टेकन’.

या भागाचे नियम पाठच हवेत. ‘डिडन्ट’, ‘इझन्ट’ हे प्रत्येकी दोन शब्द धरतात. ‘कान्ट’ मात्र एकच, कारण ‘कॅनॉट’ हा एक शब्द आहे. दिलेल्या शब्दाला ‘एस’ किंवा ‘ईडी’ लावलं, की उत्तर बाद. सहा शब्द झाले तरी बाद. स्पेलिंग चुकलं तर गुण नाही. अमेरिकन स्पेलिंग चालतं.

दुसऱ्या भागात आठ गाळलेल्या जागा, प्रत्येकी एक शब्द, पर्याय नाहीत. ‘मुलगा आला’ म्हणताना तो कुठलासा मुलगा की तो ठरलेला मुलगा, हे मराठी आर्टिकलने सांगत नाही, संदर्भावर सोडते. म्हणून ‘अ’ आणि ‘द’च्या जागा इथे हटकून रिकाम्या राहतात. तिसऱ्या भागात मूळ शब्दावरून रूप घडवायचं. सापळा ठरलेला असतो: वाक्याचा अर्थ नकारी, आणि विद्यार्थी घाईत होकारी रूप लिहितो. बससेवा अशी आहे की कोणी तिच्या वाटेला जात नाही, अशा वाक्यात ‘रिलाय’पासून ‘रिलाएबल’ लिहिणारे थोडे नसतात. व्याकरण बरोबर, अर्थ उलटा, गुण शून्य. जागेच्या मागचं-पुढचं अख्खं वाक्य वाचल्याशिवाय लिहू नये, आणि नाम आलं तर अनेकवचन हवं का ते बघावं.

उताऱ्यांचे तीन भाग त्यामानाने सरळ. पहिले चार भाग तीस मिनिटांत उरकले तर उताऱ्यांना पाऊण तास मिळतो. उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला वेगळा वेळ नाही, हे कागदी परीक्षेत विसरू नये. सहाव्या भागात उताऱ्यातून काढलेली सहा वाक्यं परत बसवायची असतात आणि पर्याय सात. तिथे आशयापेक्षा ‘धिस’, ‘सच’, ‘दे’ असे मागे बोट दाखवणारे शब्द धरावेत.

लेखनात दोन मजकूर, प्रत्येकी १४० ते १९० शब्द. पहिला निबंध सक्तीचा. विषयासोबत दोन मुद्दे छापलेले असतात आणि तिसऱ्यापुढे ‘तुमचा स्वतःचा’ असं लिहिलेलं असतं. तो तिसरा विसरला की आशयाचे गुण खाली येतात, इंग्रजी कितीही सफाईदार असो. दुसऱ्या प्रश्नात लेख, पत्र किंवा ईमेल, अहवाल आणि परीक्षण यांतले तीन प्रकार समोर येतात, एक लिहायचा. (हे परीक्षण तिथे नापास झालं असतं, १९० शब्द केव्हाच संपले.) गुण चार निकषांवर, प्रत्येकी पाच: आशय, प्रसंगाला साजेशी भाषा, बांधणी आणि शब्द-व्याकरण.

आपल्याकडची मुलं दुसऱ्या निकषावर सगळ्यात जास्त मार खातात. शाळेत अर्ज लिहून लिहून हात बसलेला असतो, त्यामुळे मैत्रिणीला पाठवायच्या ईमेलमध्येही ‘आय वुड लाइक टू इन्फॉर्म यू दॅट’ येतं आणि शेवटी ‘युवर्स फेथफुली’. अहवालात उलटा प्रकार: उपशीर्षकं नाहीत, शिफारशी नाहीत, एकसलग गोष्ट सांगितल्यासारखं. निबंधाची सुरुवात ‘इन टुडेज मॉडर्न एरा’ने करायची सवयही सोडावी. १९० शब्दांतले चार गेले, आणि तपासणाऱ्याला त्यातून तुमच्या इंग्रजीबद्दल काहीच कळलं नाही.

श्रवणात चार भाग, ३० प्रश्न, सगळं दोनदा ऐकवतात. बोलणारा आधी एक गोष्ट सांगतो, मग बदलतो. पहिल्या वेळी कानावर पडलेला शब्द लगेच लिहिणारा फसतो. एवढं कळलं की हा पेपर फारसा छळत नाही.

तोंडीत दोन परीक्षक असतात: एक बोलतो, दुसरा गप्प बसून गुण देतो. सोबत दुसरा परीक्षार्थी. दुसऱ्या भागात दोन फोटो आणि एक मिनिट. इथे ‘देअर इज अ मॅन, देअर इज अ ट्री’ अशी मोजदाद सुरू झाली की मिनिट वाया जातं. फोटोंची तुलना करायची आणि वर छापलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. तिसऱ्या भागात जोडीदाराशी दोन मिनिटं चर्चा आणि मग एका मिनिटात निर्णय. आपल्याकडे वर्गात सगळं बोलणं सरांकडे बघून होतं, म्हणून इथेही मान परीक्षकाकडे वळते. ती जोडीदाराकडे वळवायला सरावच लागतो. त्याचं म्हणणं उचलून धरणं, खोडणं, त्याला बोलतं करणं, याला गुण आहेत. जोडीदार कच्चा निघाला तरी घाबरू नये, गुण ज्याचे त्याला.

एकूण गुण केंब्रिजच्या स्वतःच्या मोजपट्टीवर देतात, पाच गुणांकांची सरासरी काढून (वाचन आणि भाषावापर वेगळे धरून). १६० ते १७९ म्हणजे बी-टू, त्यापुढे १९०पर्यंत सी-वनचा दाखला, १४० ते १५९ला बी-वनचा. प्रत्येक पेपरात वेगळं उत्तीर्ण व्हावं लागत नाही. दाखल्यावर मुदतीची तारीख नसते, आयेल्ट्सचे गुण मात्र साधारण दोन वर्षं ग्राह्य धरतात. पण म्हणून लगेच फी भरू नका. ब्रिटनच्या व्हिसासाठी मान्य इंग्रजी चाचण्यांच्या यादीत ही परीक्षा नाही, आणि इंग्रजी माध्यमाच्या पदव्युत्तर प्रवेशाला बऱ्याच ठिकाणी सी-वन किंवा आयेल्ट्सच मागतात. स्पेनमध्ये अनेक विद्यार्थी पदवीची भाषाअट म्हणून हा दाखला जोडतात. तुमच्या विद्यापीठाने लेखी होकार दिला असेल तरच त्याला पैशाचं मोल आहे. नाव नोंदवताना ‘फॉर स्कूल्स’ या आवृत्तीवर टिक लागलेली नाही ना, ते बघा. पायरी तीच, पण विषय शाळकरी.

दाखला नको असला तरी प्रश्नपत्रिका हव्यातच. नमुने आणि शिक्षकांसाठीची माहितीपुस्तिका अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात. सुरुवातीला दुसरा, तिसरा आणि चौथा भाग घड्याळ लावून सोडवा: एकूण २८ गुण. १८च्या आसपास आलात तर पायरीवर आहात. १२च्या खाली असाल तर आधी बी-वनचं व्याकरण पक्कं करा, इथे डोकं फोडून उपयोग नाही. मग सत्रभर रोज चौथ्या भागाची सहा वाक्यं. चुकलेल्या प्रत्येक वाक्यासाठी वहीत तीन रकाने: तुम्ही लिहिलेलं, बरोबर उत्तर, आणि मनात आलेलं मराठी वाक्य. महिनाभराने फक्त तिसरा रकाना वाचा. ‘पासून’, ‘ला’, ‘असता’ हेच पुन्हा पुन्हा दिसतील. पुढचा सराव त्यांच्यावरच करायचा.