किफिसिया की नेआ स्मिर्नी? अथेन्सच्या उपनगरात बिऱ्हाड थाटण्याआधी

अथेन्समध्ये दोन-चार वर्षं राहायचं ठरलं की आधी शहराच्या मध्यभागातली घरं बघितली जातात आणि मग नजर उपनगरांकडे वळते. उत्तरेला किफिसिया आणि दक्षिणेला नेआ स्मिर्नी अशी दोन टोकं तुमच्यासमोर ठेवतो. दोन्ही नगरपालिकांची लोकसंख्या सारखीच, सत्तर हजारांच्या थोडी वर. पण नेआ स्मिर्नी जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरांत बसते, तर किफिसियाचं क्षेत्र त्याच्या जवळजवळ दहापट आहे. तिथल्या जगण्यातला बराचसा फरक या एका आकड्यातूनच येतो.

आधी हवा, कारण अथेन्सचा उन्हाळा सोपा नाही. पारा चाळिशीला टेकतो आणि सिमेंट रात्रभर धगधगत राहतं. किफिसिया पेंदेली डोंगराच्या पायथ्याशी, उंचावर आणि झाडीत आहे. अथेन्सच्या प्रसिद्ध प्राचीन मंदिराचा, पार्थेनॉनचा, संगमरवर याच डोंगरातला. इथल्या गारव्याची कीर्ती फार जुनी. दुसऱ्या शतकात अथेन्समधल्या अॅक्रोपोलिस टेकडीच्या उतारावरचं नाट्यगृह बांधणाऱ्या धनाढ्य हेरोदेस अॅटिकसचा वाडा इथे होता. उन्हाच्या तडाख्यातही तिथल्या राया, वाहतं पाणी आणि पाखरांची किलबिल किती सुखाची होती, हे त्याच्याकडे पाहुणा म्हणून आलेल्या औलुस गेल्लिउस या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. हा गारवा हिवाळ्यात मात्र किंमत वसूल करतो. जानेवारी २०२२ च्या हिमवादळात उत्तरेकडची उपनगरं बर्फाखाली गेली आणि अथेन्सच्या वळणमार्गावर हजारो गाड्या अडकून पडल्या. डोंगरालगत वणव्याचीही धास्ती असते. ऑगस्ट २०२४ चा वणवा पेंदेली ओलांडून व्रिलिसिया आणि हालांद्री या उपनगरांच्या वेशीत शिरला होता. त्यामुळे रानाला खेटून घर घेताना नुसत्या देखाव्यावर भाळू नका.

आजचं किफिसिया आगगाडीने घडवलं. १८८५ मध्ये अथेन्सहून इथवर वाफेची गाडी सुरू झाली. धूर ओकणाऱ्या त्या गाडीला लोकांनी ‘थिरियो’ म्हणजे ‘श्वापद’ असं नाव ठेवलं. शहरातले श्रीमंत उन्हाळा काढायला इथे येऊ लागले, त्यांचे बंगले उठले, केफालारी भागात मोठी हॉटेलं आली. ती गाडी १९३८ मध्ये बंद पडली आणि १९५७ पासून विजेची गाडी थेट इथपर्यंत येऊ लागली. आज मेट्रोची पहिली मार्गिका इथून निघून पिरेअस बंदरापर्यंत जाते. शेवटचं स्थानक असल्याने सकाळी बसायला जागा मिळते, आणि रोज पाऊण तास प्रवास करणाऱ्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

नेआ स्मिर्नीची गोष्ट मात्र सुट्टीतल्या बंगल्यांची नाही. नावाचा अर्थच ‘नवी स्मिर्ना’. जुनी स्मिर्ना म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमीर. सप्टेंबर १९२२ मध्ये ते शहर जळालं आणि पुढच्या वर्षीच्या लोझान करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली. सुमारे बारा लाख ख्रिस्ती लोक ग्रीसमध्ये आले. निर्वासितांच्या बऱ्याच वसाहती झोपड्यांतून उभ्या राहिल्या. नेआ स्मिर्नी मात्र ज्यांच्या गाठीशी थोडंफार उरलं होतं अशा कुटुंबांसाठी आखलेली वसाहत होती, म्हणून इथे सुरुवातीपासून सरळ रस्ते आणि मोठा चौक दिसतो. हरवलेलं गाव या लोकांनी आठवणीतून परत बांधलं. स्मिर्नातल्या आयिया फोतिनी चर्चच्या घंटाघराची प्रतिकृती इथे उभी केली. पानिओनिओस हा क्रीडा क्लब १८९० मध्ये स्मिर्नात स्थापन झाला होता, तोही त्यांच्याबरोबर आला. पुढे १९७९ आणि १९९८ मध्ये या क्लबने फुटबॉलचा ग्रीक चषक जिंकला. ‘एस्तिया’ ही संस्था १९३० पासून आशिया मायनरचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या त्या मुलखाचा, वारसा जपते आहे. मला हे गाव आवडतं ते यासाठीच. इथे गल्लोगल्ली इतिहास आहे आणि तो लोक अजून वापरतात.

घरांचं म्हणाल तर ती जुनी बैठी घरं आता फारशी उरली नाहीत. ग्रीसमध्ये ‘आंदिपारोही’ नावाची रीत होती: जागामालकाने जमीन द्यायची, बिल्डरने इमारत बांधायची आणि मोबदल्यात मालकाला काही फ्लॅट द्यायचे. पुनर्विकास पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजायला एक मिनिटही लागणार नाही. त्यातून पाच-सहा मजली ‘पॉलिकतिकिया’ उभ्या राहिल्या आणि रस्ते पार्किंगने भरून गेले. गाडी असेल तर नेआ स्मिर्नीत रोज संध्याकाळी जागा शोधत फिरावं लागेल. नसेल, तर पायी जाण्यासारखं सगळंच जवळ. अथेन्सच्या मध्यभागातल्या सिंदाग्मा चौकाकडून येणारी ट्राम गावातून पुढे समुद्राकाठी जाते. मेट्रोचं स्थानक मात्र गावात नाही. दुसऱ्या मार्गिकेवरची स्थानकं शेजारच्या भागांत आहेत.

किफिसियात भाडं चढं आहे आणि गाडीवाचून अनेक गल्ल्या लांब पडतात. पण अंगण, शांतता आणि मुलांना मोकळं खेळायला जागा हवी असेल तर तिथेच जा. इंग्रजी माध्यमाच्या बऱ्याच आंतरराष्ट्रीय शाळाही उत्तरेकडच्या उपनगरांत आहेत. स्थानकासमोरच्या बागेत वसंतात फुलांचं प्रदर्शन भरतं, गुलांद्रिस निसर्ग-इतिहास संग्रहालय मुलांना वारंवार न्यावं असं आहे. पिनेलोपी देल्ता या लेखिकेचं घरही इथेच. जर्मन फौजा अथेन्समध्ये शिरल्या तेव्हा, १९४१ मध्ये, तिने विष घेतलं. आज त्या घरात बेनाकी संग्रहालयाचे ऐतिहासिक कागदपत्र ठेवले आहेत.

माझं मत सरळ आहे. एकटे असाल, जोडपं असाल, भाषा शिकायची असेल, ओळखी व्हाव्यात असं वाटत असेल तर नेआ स्मिर्नी. तिथल्या चौकात आजोबा, नातवंडं, विद्यार्थी सगळे एकत्र असतात आणि चौक आपला आहे ही भावना पक्की आहे. मार्च २०२१ मध्ये त्याच चौकात पोलिसांनी एका तरुणाला मारहाण केली, तेव्हा दोन दिवसांनी हजारो माणसं रस्त्यावर उतरली होती. शाळेत जाणारी मुलं, उन्हाने हैराण होणारे आईवडील सोबत असतील आणि खिशाला झेपत असेल तर किफिसिया.

करारावर सही करण्याआधी एक करा. जुलैतल्या एखाद्या रात्री अकराला नेआ स्मिर्नीत त्या फ्लॅटच्या गॅलरीत पाच मिनिटं उभे राहा. खालच्या कॉफीच्या टेबलांवरचा आवाज तुम्हाला सोबत वाटतो की झोपमोड, ते तेवढ्यात कळेल.