कॅक्टसवर चिकटवलेलं फूल: अडीचशे रुपयांची फसवणूक आणि त्यात मरणारी झाडं

थंडीच्या दिवसांत पुण्यात हस्तकलेची, घरसजावटीची, झाडांची प्रदर्शनं एकामागून एक लागतात. अशाच एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून मी तीन छोटे कॅक्टस घेतले. चिनीमातीच्या इवल्याशा कुंड्या, वर पांढरे गोटे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टपोरं फूल, एक पिवळं, दोन गुलाबी. किंमत प्रत्येकी अडीचशे. शेजारच्या ट्रेमध्ये अगदी तसेच, पण बिनफुलाचे कॅक्टस शंभराला होते. म्हणजे वरचे दीडशे रुपये फुलाचे होते, आणि ते फूल त्या झाडाचं नव्हतंच.

विक्रेत्याला मी सरळ विचारलं होतं की ही फुलं किती टिकतात. तो म्हणाला, ‘ताई, बारमाही आहे हे. एक सुकलं की दुसरं येतं. आठवड्यातून एकदा दोन चमचे पाणी घाला, बाकी काही बघायला नको.’ बिल मागितलं तर पुस्तक संपलंय म्हणाला. पैसे यूपीआयने दिले, तेही दुकानाच्या नावावर नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर गेले.

तिन्हीतला एक कॅक्टस मी मावशीला दिला. ती एकटी राहते, गुडघ्यांमुळे फारसं बाहेर पडत नाही. खिडकीत काहीतरी फुललेलं असलं की तिला बरं वाटतं.

शंका आली ती फुलांमुळेच. कॅक्टसचं खरं फूल फार दिवस राहत नाही. कित्येक जातींत ते एक-दोन दिवसांत मिटतं, काहींत जेमतेम आठवडा टिकतं. इथे होळी होऊन गेली तरी फूल जसंच्या तसं. मग एकदा बाकीच्या झाडांच्या पानांवर पाणी फवारताना त्यावरही तुषार पडले आणि थोड्या वेळाने पाहते तर पाकळ्या आत वळून फूल मिटलेलं! वाळल्यावर पुन्हा उमललं. झाड जिवंत आहे याची खूण वाटावी असाच हा प्रकार, आणि खरी मेख तिथेच आहे. हे फूल म्हणजे वाळवलेलं स्ट्रॉफ्लॉवर, मूळचं ऑस्ट्रेलियातलं. त्याच्या पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या कागदी पट्ट्या ओलावा लागला की मिटतात आणि सुकल्या की उघडतात. फूल तोडून कितीही काळ लोटला तरी हे चालूच राहतं. त्यात जीव असण्याची गरजच नसते.

भिंग घेऊन बघितलं तर फुलाच्या बुडाशी पारदर्शक गोंदाचा गोळा होता आणि त्याची एक तार काट्यांत अडकलेली होती. ग्लू गनमधला गोंद. तो चांगला तापवूनच लावावा लागतो. माझे तिन्ही कॅक्टस मॅमिलेरिया जातीचे होते. या गोल कॅक्टसची नवी वाढ होते ती डोक्याच्या बरोबर मधल्या बिंदूतून, आणि नेमक्या त्याच बिंदूवर हा उकळता गोंद ओतलेला. म्हणजे फूल खोटं होतंच, पण ते चिकटवण्यासाठी झाडाचा वाढीचा डोळा जाळून टाकला होता. दीडशे रुपयांपेक्षा मला याचा संताप जास्त आला.

मॅमिलेरियाची खरी फुलं कुठे येतात हे एकदा कळलं की ही फसवणूक चार हातांवरून ओळखू येते. ती डोक्याच्या टोकावर येत नाहीत. टोकाच्या थोडं खाली, उंचवट्यांच्या बेचक्यांतून, बहुधा लहान लहान फुलांचं कडं धरल्यासारखी येतात. बाकीच्या कॅक्टसांतही फूल काट्यांच्या गादीशी जोडलेलं असतं, त्याला नळीसारखं बूड असतं, कळी असते, आणि सुकल्यावर ते चिंधीसारखं लोंबतं. एकाच स्टॉलवरच्या वेगवेगळ्या जातींच्या झाडांवर एकाच घडणीचं फूल दिसलं, आसपास एकही कळी नसली, बोटाने स्पर्श केल्यावर पाकळी कागदासारखी कुरकुरली, तर पुढे काही विचारायची गरज नाही. काही विक्रेते गोंदाऐवजी टाचणी टोचतात. ती त्याहून वाईट, कारण जखमेतून बुरशी थेट आत जाते.

पण माझे कॅक्टस मेले ते फुलामुळे नव्हे. मावशीचा आधी गेला. बुडाशी पिवळट पडला, मऊ झाला आणि एका बाजूला कलंडला. मावशी फोनवर म्हणाली, ‘माझ्याच हाताला गुण नाही गं, वाळवंटातलं झाडही मला जगवता येईना.’ मी तिच्याकडे जाऊन कुंडी उपसली तेव्हा सगळा उलगडा झाला.

वरचे पांढरे गोटे सुटे नव्हतेच. पांढऱ्या गोंदाने त्यांची एकसंध पापडी केलेली होती, वाहतुकीत सांडू नयेत आणि दिसायला नीटनेटकं राहावं म्हणून. ही पापडी पाणी धड आत जाऊ देत नाही, आणि कडेने शिरलेलं पाणी बाहेर सुकूही देत नाही. तिच्याखाली माती नव्हती, नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ठासलेलं होतं. नर्सरीत रोपं वाढवायला ते सोयीचं, पण छोट्या कुंडीत ते दिवसेंदिवस ओलं राहतं आणि एकदा पूर्ण वाळलं की पाणी शोषायलाच तयार होत नाही. मुळांभोवती रोप लावतानाची जाळीदार पिशवी तशीच होती. आणि कुंडीच्या तळाला भोक नव्हतं. दोन चमचे पाणी असो की एक, ते जाणार कुठे? मुळं काळी पडून लगदा झाली होती.

म्हणजे विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे मावशीने सगळं केलं, आणि झाड तरीही मरणारच होतं. या धंद्यात मला सर्वांत क्रूर वाटतं ते हेच. झाड विकताना जिवंत दिसतं, महिना-दोन महिन्यांनी मरतं, तोवर प्रदर्शनाचे मांडव उठलेले असतात आणि घेणारा माणूस दोष स्वतःला देतो. तक्रार होत नाही, कारण तक्रार करण्यासारखं काही झालंय हेच कुणाला कळत नाही. ‘आमच्याकडे कॅक्टससुद्धा जगत नाही’ असं म्हणणारी कितीतरी घरं मला माहीत आहेत. त्यांच्या कुंड्या कुणीतरी उलट्या करून बघायला हव्यात.

विक्रेत्याला फोन केला. आधी तो म्हणाला पाणी जास्त झालं असेल. फुलाबद्दल विचारल्यावर म्हणाला, ‘ते डेकोरेशन आहे, सगळेच लावतात.’ डेकोरेशन आहे तर बारमाही फुलतं असं का सांगितलं, यावर फोन कट. नंतर तो नंबर लागलाच नाही.

तुमच्याकडे असा कॅक्टस आलेला असेल, भेट म्हणून आला असेल, तर तो मरायची वाट बघू नका. आणल्या आणल्या कुंडी बदला. गोटे चिकटवलेले असतील तर वरचा थर थोडा वेळ पाण्याने भिजवा, पांढरा गोंद मऊ पडतो, मग कडेपासून तुकडे काढा. ग्लू गनचा गोंद पाण्याने सुटत नाही. ते फूल ओढू नका, साल सोलून निघते. पाकळ्या कात्रीने कापून टाका आणि गोंदाचा ठिपका राहू द्या. झाड जगलं तर तो हळूहळू आपोआप सुटतो. टाचणी असेल तर सरळ रेषेत उपसा आणि जखम सुकेपर्यंत पाणी घालू नका.

जाड घडी केलेल्या वर्तमानपत्राच्या पट्टीने झाड धरून बाहेर काढा. मुळांभोवतीचं कोकोपीट हलक्या हाताने झाडा, पिशवीची जाळी कापा, काळी मऊ मुळं छाटा. मग ते झाड तसंच, मातीशिवाय, सावलीत काही दिवस कागदावर ठेवा. याची लोकांना भीती वाटते, पण कॅक्टसला त्याने काही होत नाही. उलट मुळांच्या जखमा वाळतात. बुडाशी कूज चढलेली असेल तर स्वच्छ सुरीने आतला गर निरोगी, एकसारख्या रंगाचा दिसेपर्यंत कापत जा आणि वरचा तुकडा पूर्ण सुकवून मगच लावा. मावशीचा कॅक्टस यापलीकडे गेला होता.

नवी कुंडी साधी मातीची घ्या, तळाला भोक असलेली, झाडापेक्षा बोटभरच रुंद. मोठी कुंडी दिली तर झाड लवकर वाढेल हा गैरसमज आहे, जास्तीची माती ओल धरून बसते. मिश्रणासाठी महागड्या पिशव्यांची गरज नाही. आपल्याकडे मुरूम मिळतो. तो चाळून, धुऊन, त्यातली धूळ काढून घ्या. मुरूम, विटांचे बारीक तुकडे किंवा बांधकामाची बारीक कच असं खरबरीत दोन भाग आणि माती व जुनं कुजलेलं खत मिळून एक भाग, थोडा कोळशाचा चुरा. कोकणात समुद्रावरची वाळू वापरू नका, तिच्यात मीठ असतं. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही.

त्यानंतरचं पाणी चमच्याने मोजून देऊ नका. वार ठरवूनही देऊ नका. उदबत्तीची जुनी काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, ती कोरडी निघाली तर तळाच्या भोकातून वाहीपर्यंत भरपूर पाणी घाला. पुण्याच्या उन्हाळ्यात ही वेळ लवकर येते, थंडीत कितीतरी उशिरा. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली किंवा गॅलरीच्या आतल्या बाजूला हवी. आपल्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत कॅक्टस सर्वांत जास्त कुजतात. उन्हाचंही तसंच. नर्सरीतली झाडं हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात, त्यांना एकदम एप्रिलच्या उन्हात ठेवलं तर साल करपते. सकाळच्या उन्हाची सवय हळूहळू करा.

माझ्याकडच्या दोघांपैकी एक वाचला आहे. डोळा जळाल्यामुळे तो वर वाढत नाही, बाजूने पिल्लं फुटली आहेत.

फुलाच्या जोडीला आणखी काही गोष्टी खपवल्या जातात. निळा, जांभळा, चमकीचा कॅक्टस हा रंग फवारलेला असतो. त्या थराखाली झाडाला उजेड मिळत नाही. कॅक्टसची श्वासरंध्रं रात्री उघडतात, तीही बुजतात. शेंड्याची नवी वाढ हिरवी दिसली की समजा. इंद्रधनुषी कॅक्टसच्या बियांची पाकिटं ऑनलाइन मिळतात, त्या फोटोतले रंग संगणकावर भरलेले आहेत, असं झाडच नसतं. लाल-पिवळ्या डोक्याचा ‘मून कॅक्टस’ मात्र खरा असतो, पण ती दोन झाडांची कलम आहे. वरच्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्य नसतं, तो खालच्या ड्रॅगन फ्रूटच्या जातभाईच्या हिरव्या खोडावर जगतो. ‘पन्नास वर्षं जगेल’ म्हणून कुणी तो विकत असेल तर ते खोटं आहे, ही कलमं बहुधा थोड्याच वर्षांत थकतात.

रक्कम लहान म्हणून सोडून देऊ नका. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूबद्दल खोटी माहिती देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि विकलेल्या मालाचं बिल न देणं हीसुद्धा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. त्यासाठी पुरावा लागतो. तेव्हा स्टॉलचा आणि झाडाचा फोटो विकत घेतानाच काढा, यूपीआयची नोंद जपा आणि बिलावर झाडाचं नाव लिहून मागा. शक्य असेल तर प्रदर्शन सुरू असतानाच आयोजकांना चिकटवलेलं फूल दाखवा. माझ्या बाबतीत प्रदर्शन उठून गेलं होतं, तरी आयोजकांना मी फोटोंसह लेखी कळवलं आहे आणि पुढच्या वेळी अशा स्टॉलवर ‘फूल कृत्रिम’ अशी पाटी सक्तीची करा अशी मागणी केली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.