लोहापुलाजवळचे सीलवाले काका

दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उन्हाने कधीच उडालीत. नागपुरात कॉटन मार्केटकडून लोहापुलाकडे येताना गल्लीत कुणालाही ‘सीलवाले काका’ विचारा, दाखवतात. गाडी मात्र आत नेऊ नका. मी नेली होती, हातगाड्यांमधून मागे काढायला वीस मिनिटं लागली.

आमचा कोराडी रोडला फ्लाय अ‍ॅशच्या म्हणजे कोळशाच्या राखेच्या विटांचा कारखाना आहे. एकच हायड्रॉलिक प्रेस, बाबांच्या काळातली. मुख्य सिलिंडरचा रॉड 60 मिलिमीटरचा, प्रेशर 150 बारच्या आसपास. गेल्या उन्हाळ्यात चार महिन्यांत तीनदा सील, म्हणजे रॉडभोवती तेल अडवणारी रिंग, गेलं. विटांवर तेलाचे डाग, खाली ट्रे ठेवून तेल परत टाकीत ओतणं, सगळं करून झालं. दरवेळी आमचा मिस्त्री जुनं सील खिशात टाकून जायचा आणि तसंच दुसरं घेऊन यायचा. ते ज्या दुकानातून यायचं त्यांनी एकदाही काही विचारलं नाही. माप सांगा, पैसे द्या, चालते व्हा.

चौथ्या वेळी मीच निघाले. जुनं सील काउंटरवर ठेवलं आणि म्हटलं, “60, 70, 10. आणि या वेळी व्हिटॉनचं द्या, महाग असलं तरी चालेल.” आकडे म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची; व्हिटॉन म्हणजे उष्णता सोसणारं रबर.

काकांनी सील उचललंच नाही. “ताई, हे काऊन मोजता? तेल पिऊन फुगलं का दाबून बसलं, कोणाला माहीत! ग्लँड आणली का?”

ग्लँड, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाचा, सील बसतं तो भाग, डिक्कीत पोत्यात गुंडाळून होती, नशीब. काकांनी ती फडक्याने पुसली आणि आतल्या खाचेत व्हर्निअर घातलं. रुंदी 13 निघाली. म्हणजे थोडी मोकळीक सोडून सील 12 उंचीचं पाहिजे होतं आणि आम्ही 10 चं बसवत होतो. प्रत्येक स्ट्रोकला ते खाचेत तीन मिलिमीटर पुढेमागे धावत होतं. पहिलं चुकीचं सील कुणी टाकलं देव जाणे, पण त्यानंतर आम्ही निष्ठेने त्याचीच नक्कल करत आलो.

व्हिटॉन तर त्यांनी दिलंच नाही. विचारलं, “टाकीवर हात ठेवला तर ठेवू शकता का?” मी म्हटलं, दुपारी चार सेकंदही नाही. “म्हणजे साठ डिग्रीच्या वर आहे, सत्तर धरा. व्हिटॉन दोनशेपर्यंत चालते, पण तुम्हाला तितकी गर्मी नाही. तुमचा वैरी राख आहे. घासण्यात पीयू टिकते.” मग पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, यू-सील काढलं, सोबत नवीन वायपर. ओ-रिंग नायट्रिल रबराची, कडकपणा शोअर 90, आणि तिच्या मागे टेफ्लॉनची बॅकअप रिंग. एवढ्या प्रेशरला नुसती रिंग ठेवली तर फटीतून बाहेर निघते आणि तिची कड कुरतडल्यासारखी होते. आमची जुनी रिंग अगदी तशीच होती, उंदराने खाल्ल्यासारखी. मिस्त्री म्हणायचा, माल खराब.

पैसे द्यायला गेले तर काकांनी आधी वायपरकडे बोट दाखवलं. याचा ओठ बाहेरच्या बाजूला, राख खरवडायला; यू-सीलचा ओठ आत, तेलाकडे. उलटं बसलं तर पहिल्याच दिवशी गळतं. बसवताना स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही आणि रॉडच्या आट्यांवर टेप गुंडाळायची. आणि घरी जाऊन रॉडवर कापसाचा बोळा फिरवायचा. तंतू अडकला तर तिथे क्रोम ओरखडलंय, सील कोणतंही टाका, जाणारच.

मग सहज विचारल्यासारखं, “टाकीचं ब्रीदर आहे ना?”

मी गप्प. टाकीत शिरणारी हवा गाळणाऱ्या त्या ब्रीदरचं झाकण दिवाळीच्या सफाईत हरवलं होतं आणि त्या भोकात आम्ही चिंधी कोंबली होती. राखेच्या कारखान्यात. काका हसले नाहीत, पण ब्रीदर बिलात न विचारता जोडलं. त्याचे पैसे मी वाद न घालता दिले.

कापूस दोन ठिकाणी अडकला. रॉड हिंगण्याला क्रोम करायला दिला, तेल काढून टाकी धुतली, 68 नंबरचं नवीन तेल भरलं, रिटर्न फिल्टर बदलला. सीलपेक्षा हाच खर्च कितीतरी मोठा झाला. आता आठ महिने झाले, रॉडवर तेलाचा पातळ थर दिसतो तेवढाच. मिस्त्री म्हणाला तोही पुसून पूर्ण कोरडा पाहिजे. काका म्हणतात, तो थर नसला तर ओठ जळतो.

आता तक्रारी. काका फोन उचलत नाहीत. दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली. सगळ्यात खटकलं ते हे, की दुकानाच्या तोंडाशी ओ-रिंगांच्या माळा खिळ्यांवर टांगल्यात, थेट उन्हात. रबर तिथे ताणलं जातं आणि भेगाळतं. मी म्हटलं तर काका म्हणाले, “त्या कूलरच्या पाइपवाल्यांसाठी, तुमच्या मशिनीच्या रिंगा आत डब्यात असतात.” एप्रिल-मेमध्ये ती गर्दीही असते, तेव्हा सकाळी अकराच्या आत जा. तुमचा माल आतल्या डब्यातूनच मागून घ्या.

हातात माप नाही, ग्लँड न्या. बिल मागितलं की मिळतं, फक्त जीएसटी नंबर कागदावर लिहून न्यावा; काकांचा मुलगा तोंडी सांगितलेला नंबर हमखास चुकवतो. माझं बिल दोनदा फाडलं.