तिखट खानदेशी ताटाला कोणती व्हाइट वाइन? चव आणि खिसा दोन्ही पाहून

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वाइन शॉपमध्ये खप बिअर आणि व्हिस्कीचा. व्हाइट वाइनच्या दहा-बारा बाटल्या असतात, त्याही बहुधा वरच्या फळीवर. त्यातून एक निवडायची तर लेबलवरची फ्रेंच नावं वाचण्याआधी दोन प्रश्न सोडवायला हवेत. ताटात तिखट किती आहे? आणि ही बाटली गेल्या उन्हाळ्यात कुठे उभी होती?

तिखटाचा प्रश्न आधी घेऊ, कारण वाइनबद्दलचा बहुतेक सल्ला सौम्य जेवण गृहीत धरून दिलेला असतो. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या संवेदकांना चेतवतं, त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं. त्यामुळे शेवभाजीच्या तर्रीवर 13.5 टक्के अल्कोहोलची वाइन घेतली, तर तिखट शमत नाही, उलट भडकतं. साखर मात्र तिखटाची धार कमी करते. लाकडी पिंपाचा वास आणि तुरटपणा असलेली वाइन तिखटावर कडू लागते. म्हणून खानदेशी जेवणाबरोबर बाटली निवडताना अल्कोहोल कमी, साखर किंचित आणि आंबटपणा चांगला, हा क्रम धरावा. अल्कोहोलचा आकडा प्रत्येक लेबलवर छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

‘ड्राय’ म्हणजे द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर आंबवण्यात संपलेली, जिभेला गोडवा न लागणारी वाइन. ‘ऑफ-ड्राय’ किंवा ‘सेमी-ड्राय’ म्हणजे थोडी साखर शिल्लक ठेवलेली. लिटरमागे 12 ग्रॅम साखर म्हणजे अख्ख्या बाटलीत 9 ग्रॅम, जेमतेम दोन चमचे. एवढीशी साखरही तिखटावर मोठा फरक पाडते.

शेनिन ब्लाँ की सोविन्यों ब्लाँ?

दुकानात हेच दोन प्रकार हमखास मिळतात. नाशिकच्या सुला कंपनीने 2000 साली पहिल्यांदा वाइन बाजारात आणली तीही याच दोन द्राक्षांची, आणि नाशिकच्या बागांत त्यांनी आजवर जम टिकवला आहे. दुकानदाराला ‘चेनिन ब्लँक’ आणि ‘सॉविग्नॉन’ म्हटलं तरी बरोबर बाटली मिळते.

शेनिन मूळचं फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं द्राक्ष. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिनमध्ये मुद्दाम थोडा गोडवा ठेवतात, सुलाच्या नेहमीच्या शेनिनमध्ये तो स्पष्ट जाणवतो. चव पिकलेल्या पेरूची, अननसाची, थोडी मधाची. पहिल्यांदाच वाइन घेणाऱ्याला, आंबट न आवडणाऱ्याला आणि तिखट जेवणाऱ्याला, तिघांनाही ती चालते. शेवभाजी, फौजदारी डाळ, पातोड्यांची रस्साभाजी यांच्याबरोबर दुसरी कुठलीही व्हाइट वाइन घेण्याआधी हीच घ्यावी. तिचा दोष एकच: कोमट झाली की गोडवा वर येतो आणि ती सरबतासारखी लागते.

सोविन्यों ब्लाँ पूर्ण ड्राय, आंबट आणि वासाला हिरवी. ढोबळी मिरची, कापलेलं गवत, लिंबाची साल. ढोबळी मिरचीत वास देणारं जे पायराझिन असतं, तेच या द्राक्षातही असतं, म्हणून हे साम्य निव्वळ कल्पनेतलं नाही. आता पऱ्हाट्या-तुराट्यांवर भाजलेल्या बामणोदच्या हिरव्या वांग्यांचं भरीत आठवा. धूर, भाजलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर. भरताचा हा सगळा हिरवा-धुरकट ठसका सोविन्योंशी इतका जुळतो, की व्हाइट वाइनला खानदेशात एकच पदार्थ द्यायचा झाला तर आम्ही भरीतच देऊ. अट एवढीच, की मिरच्या बेताच्या हव्यात. भरीत डोळ्यांत पाणी आणणारं असेल, तर सोविन्योंचा आंबटपणा जिभेला झोंबतो, मग मुकाट्याने शेनिनकडे वळावं. तळलेल्या मासळीवर लिंबू पिळतो, त्या जागी सोविन्यों चालते, म्हणून तापीतले किंवा धरणातले मासे तव्यावर परतले असतील तर हीच.

थोडक्यात, पाहुण्यांची आवड माहीत नसेल तर शेनिन. घरात कोणी बिनसाखरेचा चहा घेणारे, लिंबू-मीठ आवडीने चाखणारे असतील तर सोविन्यों.

बाकीचे प्रकार

रीस्लिंग हे जर्मन द्राक्ष या दोघांच्या मध्ये बसतं. आंबटपणा सोविन्योंसारखा, त्यावर थोडी साखर. तिखटासाठी ही रचना शेनिनहूनही सरस, पण आपल्याकडे ती करणारे मोजके आणि तालुक्याच्या दुकानात ती क्वचितच दिसते. कधी कधी तिला रॉकेलसारखा बारीक वास येतो. तो बिघाड नव्हे. द्राक्षावर ऊन जास्त पडलं की त्यातून तयार होणाऱ्या एका घटकाचा तो वास आहे, काही जणांना तो आवडतो.

व्हियोन्ये आणि शार्दोने या भरदार वाइन. व्हियोन्येला जर्दाळूचा आणि फुलांचा सुगंध, आंबटपणा कमी. वास गोड असला तरी चवीला ती बहुधा ड्राय असते, आणि इथेच लोक फसतात. शार्दोने लाकडी पिंपात मुरवलेली असेल तर लोणी आणि भाजलेल्या सुक्यामेव्याची छटा येते. अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची ‘विटाए’ शार्दोने या वळणाची. दोन्ही वाइन काळ्या मसाल्यासमोर टिकत नाहीत. तूप सढळ घातलेल्या वरण-बट्टीबरोबर मात्र शार्दोने शोभते, फक्त शेजारच्या वांग्याच्या भाजीत तिखट कमी हवं. काळ्या मसाल्याच्या मटणाला तर कुठलीच व्हाइट वाइन घेऊ नये. तिथे थंड केलेली, किंचित गोड रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, बरी.

फेसाळ वाइनमध्ये ‘ब्रूट’ म्हणजे लिटरमागे 12 ग्रॅमपर्यंत साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव फसवं आहे, ती ब्रूटपेक्षा गोड असते (12 ते 17 ग्रॅम), आणि ‘डेमी-सेक’ त्याहून बरीच गोड. बुडबुडे तिखटाला टोचतात, म्हणून ही जेवणाआधीची वाइन. जळगावच्या केळ्यांचे खारे वेफर्स, तळलेल्या बिबड्या आणि कुरडया यांच्याबरोबर ब्रूट जशी लागते तशी कुठलीच साधी वाइन लागत नाही. मीठ, तेल आणि कुरकुरीतपणाला तोंड धुऊन टाकणारा फेस लागतो. हौसेची बाटली एकच घ्यायची असेल तर शार्दोनेपेक्षा ब्रूट घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत.

मांडे किंवा आमरसाबरोबर ड्राय वाइन कधीही नको. गोड पदार्थापेक्षा वाइन कमी गोड असेल तर ती पाणचट आणि आंबट लागते. त्यासाठी ‘लेट हार्वेस्ट’ घ्यावी, म्हणजे द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर वाढवलेली. ही बहुतेक 375 मिलीच्या लहान बाटलीत येते आणि साठ मिलीचा पेला पुरतो.

| प्रकार | गोडवा | अल्कोहोल (सुमारे) | किती थंड | किंमत, ढोबळ |
|---|---|---|---|---|
| शेनिन ब्लाँ | किंचित | 11.5–12.5% | 7–9° | 700–1,000 रु. |
| सोविन्यों ब्लाँ | नाही | 12.5–13% | 8–10° | 800–1,100 रु. |
| रीस्लिंग | किंचित | 11–12.5% | 7–9° | 1,000–1,300 रु. |
| व्हियोन्ये, शार्दोने | नाही | 13–13.5% | 10–12° | 1,000–2,500 रु. |
| ब्रूट | फार कमी | 12–12.5% | 6–8° | 1,200–2,200 रु. |

किमती 750 मिलीच्या देशी बाटलीच्या आहेत. कंपनी आणि वर्षाप्रमाणे त्या बदलतात, बाटलीवरची छापील किंमत खरी.

पैसे कुठे घालावे, कुठे नाही

पाचशेच्या आत मिळणाऱ्या साध्या मिश्र व्हाइट वाइन पिण्यात चूक काही नाही. त्या खूप थंड करून घ्याव्यात किंवा सोडा, लिंबाची चकती आणि बर्फ घालून लांब पेल्यात. सुला दिया यासारख्या हलक्या, गोडसर फेसाळ वाइनमध्ये अल्कोहोल कमी असतं आणि छोट्या बाटल्या मिळतात. वाइन आवडेल की नाही याची खात्री नसलेल्याने आधी यातलं काही किंवा शेनिनची 375 मिलीची बाटली घ्यावी.

आठशे ते अकराशे ही सगळ्यात किफायतशीर पट्टी. ताजी शेनिन किंवा सोविन्यों इथेच मिळते आणि तिखट ताटासमोर दोन हजारांची बाटली हिच्यापेक्षा चांगली लागत नाही. महाग वाइनचे जादा पैसे बहुतेक पिंपाचे आणि मुरवण्याचे असतात, आणि तीच चव मसाल्याखाली पहिली दबते. बाराशेच्या वर जायचं ते ब्रूटसाठी किंवा भेटीसाठी. परदेशी बाटलीच्या किमतीतला मोठा वाटा आयात शुल्काचा असतो, त्यामुळे दीड हजाराची विलायती वाइन नाशिकच्या हजाराच्या वाइनपेक्षा सरस असेलच असं नाही.

माणसांचा हिशेब सोपा आहे. 750 मिलीत 150 मिलीचे पाच पेले. जेवणासाठी दोन जणांत एक बाटली भरपूर होते, आठ जणांना तीन.

बाटली हातात घेऊन काय पाहावं

नाशिकची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात आणि साध्या व्हाइट वाइन काही महिन्यांतच बाटलीत भरतात. त्या मुरवण्यासाठी नसतात. लेबलवर वर्ष पाहा: चालू किंवा गेल्या वर्षीची उत्तम, तीन वर्षांहून जुनी साधी शेनिन-सोविन्यों सूट मिळाली तरी नको. पिंपातली शार्दोने थोडी जास्त टिकते.

मग ऊन. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालच्या दुकानात महिनाभर उभी राहिलेली व्हाइट वाइन शिजते: फळाचा वास जाऊन उकडलेल्या सफरचंदाचा वास येतो, रंग पिवळसर-तपकिरी होतो. काचेतून रंग बघा, फिकट हिरवट-पिवळा हवा. बूच असेल तर ते तोंडापासून वर सरकलेलं नको, बुचाखाली चिकट ओघळ नको. ही उष्णतेने वाइन फुगल्याची खूण. कपाट उन्हासमोर किंवा ट्यूबलाइटच्या अगदी खाली असेल, तर पारदर्शक काचेतली बाटली टाळा, उजेडानेही वास बिघडतो. त्याच दुकानात फ्रिजमधली बाटली मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तीच घ्यावी. एप्रिल ते जून वातानुकूलित दुकानातूनच खरेदी करावी. वर्षभराचा साठा करायचा तर तो दिवाळी ते संक्रांत.

बुचापेक्षा आटीचं झाकण कमी प्रतीचं, हा गैरसमज आहे. ताज्या व्हाइट वाइनला तेच उत्तम, कारण बुचातून येणारा ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास त्यात येत नाही. तळाशी काचेच्या कणांसारखे स्फटिक दिसले तर घाबरू नका, थंडीत द्राक्षातल्या आम्लाचे ते खडे होतात आणि निरुपद्रवी असतात.

नाशिकला गेल्यावर थेट वायनरीतून आणणं सगळ्यात चांगलं. बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्यांसोबत ठेवा. जेवायला थांबलात तर खोका गाडीतून खाली उतरवा, उन्हात बंद गाडीचं तापमान तासाभरात साठ अंशांपर्यंत चढू शकतं. सोबत परवाना आणि पावती असू द्या. नंदुरबारकडच्यांनी एक ध्यानात ठेवावं: नवापूर स्टेशनाचा अर्धा फलाट गुजरातेत आहे आणि गुजरातेत दारूबंदी आहे. सुरतेकडच्या प्रवासात बॅगेत बाटली नको.

थंड करणं

निम्मं काम इथे बिघडतं. फ्रिजमध्ये तीन तास लागतात. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, वीस मिनिटांत होते. नुसता कोरडा बर्फाचा चुरा लावला तर बाटलीला नीट चिकटत नाही आणि वेळ दुप्पट लागतो. फ्रीझरमध्ये ठेवायची तर अर्ध्या तासाचा गजर लावून, विसरली तर गोठून बूच उडतं किंवा काच तडकते. फेसाळ बाटली फ्रीझरमध्ये मुळीच नको.

वीज गेली तर बाटलीला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याच्या झोतात ठेवा. चैत्र-वैशाखातल्या कोरड्या हवेत माठासारखंच काम होतं, वाइन पिण्याइतकी गार होत नाही पण तापत तरी नाही. पावसाळी दमट हवेत या युक्तीचा उपयोग नाही.

पेल्यात एका वेळी 75-100 मिलीच ओता आणि बाटली परत बर्फात. चाळीस अंशांत भरलेला पेला दहा मिनिटांत कोमट होतो. चांगल्या वाइनमध्ये बर्फ घालू नये. त्याऐवजी हिरवी बिनबियांची द्राक्षं धुऊन, पुसून फ्रीझरमध्ये गोठवावीत आणि पेल्यात चार टाकावीत, वाइन पातळ होत नाही.

उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. शेनिन-सोविन्यों तीन ते चार दिवस टिकते, ब्रूट फार तर एक-दोन, तीही खास झाकण असेल तर. आंबट, व्हिनेगरसारखा वास यायच्या आत एखादी वाटी वाइन मासळीच्या किंवा मशरूमच्या परतणीत घालता येते. आच मोठी ठेवून ती निम्मी होईपर्यंत आटवावी, मीठ त्यानंतर.